माझे पाय नकोत

2017 सालच्या करेज्मातली, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळातली ही गोष्ट. रविवारची मीस, म्हणजे उपासना, आटोपून मी इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, पायऱ्या उतरत होते, तेवढ्यात समितीतल्या एका बाईंनी मागून हाक मारली. "बाय, ह्या बिरेस्तारा पांय धुंवपाक तुजें नांव घालूं?"

बिरेस्तार म्हणजे गुरुवार. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशूने शिष्यांचे पाय धुतले. त्याची आठवण म्हणून पवित्र गुरुवारी पाद्री गावातल्या बारा जणांचे पाय धुतात. वर्षानुवर्षं ते बाराही पुरुषच असत. पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी 2016 मध्ये नियम बदलला आणि बायकांनाही त्या बाकावर जागा मिळाली. आमच्या इगर्जीत 2017 मध्ये पहिल्यांदाच बायका बसणार होत्या.

मी क्षणभरही न थांबता म्हटलं, "माझे पाय नकोत. दुसऱ्या कुणाचे घ्या."

त्यांना वाटलं, ही नम्रपणाने मागे सरतेय. माझ्या खांद्यावर थोपटून त्या दुसऱ्या कुणाला शोधायला गेल्या. घरी पोहोचेपर्यंत मलाही तसंच वाटत होतं. लहानपणापासून शिकलेली गोष्ट मी केली होती. पुढे यायचं नाही, मागायचं नाही, आपला नंबर शेवटचा.

रात्री सासूबाईंना झोपवून पलंगाच्या कडेला बसले आणि टाच उलटी करून पाहिली. कित्येक महिन्यांनी पाहत होते. कडेने काळपट, जाड, कोरडी कातडी आणि तिच्यात उभ्या भेगा. दोन भेगा खोल गेल्या होत्या, त्यांत लाल दिसत होतं. चादरीचे धागे त्यांत अडकायचे म्हणून झोपतानाही मी पायमोजे घालत होते आणि ते का घालते हे स्वतःलाही सांगत नव्हते. तेव्हा कळलं की मी नाही म्हटलं ते नम्रपणाने नव्हतं. मला लाज वाटली होती. हे पाय कुणी हातात घ्यावेत, त्यांवर पाणी ओतावं, रुमालाने टिपावेत, या कल्पनेनेच मी घाबरले होते.

*

मी मूळची नगरची. आमच्या घराण्यात ख्रिस्ती धर्म आला तो अमेरिकन मराठी मिशनमुळे. 1831 मध्ये त्या मिशनचं काम नगरमध्ये सुरू झालं, आणि आमचे कोणी पूर्वज पुढे कधीतरी त्यात सामील झाले. घरात प्रार्थना मराठीत, भजनं मराठीत, भांडणंही मराठीत. लग्न होऊन गोव्यात आले तेव्हा शेजारपाजारच्यांना नवल वाटायचं, 'ख्रिश्चन आणि मराठी बोलतां?' सुरुवातीला मला त्याचं वाईट वाटायचं. मग एकदा शाळेतल्या एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी सांगितलं की, "तुम्ही राहता तिथून जवळ, रायतूरला, 1616 मध्ये ख्रिस्तपुराण छापलं गेलं. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट धर्मगुरू 1579 मध्ये गोव्यात आला आणि त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांत ख्रिस्ताची कथा सांगितली, ती मराठीत." त्या दिवसापासून मला इथे परकं वाटलं नाही.

नवरा तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरीला. वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर. मुलगी शिकायला पुण्याला. मडगावजवळच्या त्या जुन्या घरात मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी मांय म्हणते. 2014 मध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू गेली. सकाळी पाचला उठून त्यांचं सगळं आवरायचं, पेज भरवायची, दिवसा थांबणाऱ्या बाईच्या हवाली करून मराठी शाळेत जायचं, दुपारी परत येऊन पुन्हा तेच. रात्री कूस बदलायला दोनदा उठायचं. अशी तीन वर्षं झाली होती.

हे सांगून मला कौतुक नको आहे. आपल्याकडे घराघरांत बायका हे करतात, कित्येक जणी याहून जास्त करतात. मला सांगायचंय ते दुसरं. या तीन वर्षांत मी जेवायला बसणं सोडलं होतं. ओट्याशी उभी राहून टोपात उरलेला भात, त्यावर कालवणाचा उरलेला रस, चार घासांत संपवायचं आणि टोप घासायला घ्यायचा. ताट वाढून घ्यायचा कंटाळा, असं मी म्हणायचे. खरं तर माझी एका ताटाचीही योग्यता आहे असं मला वाटत नव्हतं.

आणि या सगळ्याला मी नाव दिलं होतं ख्रिस्ती प्रीती.

*

येशूला एका शास्त्र्याने विचारलं, सगळ्यांत मोठी आज्ञा कोणती? त्याने दोन सांगितल्या. देवावर पूर्ण अंतःकरणाने प्रीती कर ही पहिली. दुसरी, 'तू आपल्या शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर.' हे वाक्य त्याचं नवं नव्हतं. ते लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातलं, त्याच्याही शेकडो वर्षं आधीचं. रविवारच्या शाळेत आम्ही ते घोकलं होतं. मोठेपणी मी ते वर्गातल्या मुलांना गोष्टीतून सांगितलं होतं. पण इतक्या वर्षांत 'आपल्यासारखी' या शब्दावर मी एकदाही थांबले नव्हते. माझी नजर सरळ शेजाऱ्यावर जायची.

ती आज्ञा मी अक्षरशः पाळली असती तर काय झालं असतं? मी स्वतःशी जशी वागत होते तशी शेजारणीशी वागले असते तर? ती थकली आहे म्हणाली असती तेव्हा मी म्हटलं असतं, नाटकं करू नकोस. तिला चक्कर आली असती तेव्हा म्हटलं असतं, सगळ्यांनाच येते. तिला उभ्याने शिळं खायला दिलं असतं आणि ती रडली असती तर दुसऱ्या खोलीत जा म्हटलं असतं. असं कुणाशी वागायचा विचारही मला सहन झाला नसता. आणि मी ते रोज करत होते, एका बाईशी, जिलाही देवानेच घडवलं होतं.

संत ऑगस्टीन यांच्यापासून पुष्कळांनी म्हटलंय की स्वतःवर प्रेम करा अशी वेगळी आज्ञा देवाने दिली नाही, कारण तिची गरज नव्हती. माणूस ते करतोच. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रातही आहे की कोणी आपल्या देहाचा द्वेष करत नाही, त्याचं पालनपोषण करतो. मी हे वाचलं की अडखळते. ज्यांनी हे लिहिलं ते खोटं बोलत नव्हते, पण त्यांच्यासमोर जी माणसं होती त्यांत आमच्यासारख्या किती होत्या कोण जाणे. ज्यांना लहानपणापासून स्वतःचा वाटा सगळ्यांत शेवटी काढायला शिकवलं, त्यांच्या बाबतीत हे गृहीत धरता येत नाही.

*

त्या मे महिन्यात मी शाळेच्या व्हरांड्यात कोसळले. सुट्टीतल्या कामासाठी गेले होते. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेसहा. डॉक्टरीणबाईंनी कागद हातात धरून विचारलं, "ताई, हे काय एका महिन्यात नाही झालेलं. तुम्ही कशाची वाट बघत होता?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीन दिवस दवाखान्यात राहून, रक्त चढवून घरी आले. नवऱ्याला कळवलं पण त्याचं जहाज तेव्हा कुठेतरी दूर होतं, तो लगेच येण्यासारखा नव्हता.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला शेजारीण आली. सत्तरीच्या जवळ आलेली बाई, विधवा, हातात झाकण ठेवलेलं मडकं. मडक्यात उकड्या तांदळाची पेज, वाटीत मिठाच्या पाण्यातल्या तोरीची, म्हणजे कैरीची, फोड आणि भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा. मी सवयीने वाटी घेऊन ओट्याकडे वळले. तिने माझा दंड धरला.

"बाय, बस गो. उबें रावून जेवूं नाका."

तिने खुर्ची ओढली, मला बसवलं आणि स्वतः समोर बसली. मी संपवेपर्यंत उठली नाही. काही बोलली नाही. मध्ये एकदा पेज सांडली तर आपल्या पदराने... नाही, ती फ्रॉक घालते, फ्रॉकच्या घेराने तिने टेबल पुसलं. तोरीची फोड जिभेवर ठेवली आणि माझे डोळे भरून आले. आंबट, खारट, थंड. किती दिवसांनी कशाला चव लागली होती.

ती तीन आठवडे रोज आली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी येताना कागदात गुंडाळून एक पिवळट पांढरा गोळा आणला. कोकमाच्या बियांचं तेल, भिरंडेल म्हणतात त्याला इथे. घट्ट, मेणासारखं. माझे पायमोजे तिने कधी पाहिले होते कोण जाणे. पळीत तो गोळा थोडा खरवडून दिव्यावर धरला, वितळला तसा निवू दिला आणि म्हणाली, पाय दाखव. मी म्हटलं, मी लावते, तुम्ही राहू द्या. तिने ऐकलं नाही. बोटाने एकेका भेगेत ते तेल भरलं. भेगेत कोमट तेल उतरतं तेव्हा आधी चरचरतं, मग आतून सैल पडल्यासारखं वाटतं. मी भिंतीकडे बघत होते. मला तिच्याकडे बघता येत नव्हतं.

राजांच्या पहिल्या पुस्तकात एलीयाची गोष्ट आहे. मोठा संदेष्टा, कर्मेल डोंगरावर पराक्रम करून आलेला, पण दुसऱ्याच दिवशी जीव वाचवायला रानात पळाला आणि एका झुडपाखाली बसून म्हणाला, 'प्रभू, आता पुरे, माझा प्राण घे.' मी हा उतारा लहानपणापासून ऐकलेला, पण पुढे काय होतं याकडे लक्ष त्या मे महिन्यात गेलं. देवदूत त्याला उपदेश करत नाही. श्रद्धा कमी पडली म्हणून रागावत नाही. त्याला शिवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. तो खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो, पुन्हा खायला देतो. देवाशी बोलणं त्याच्याही नंतर, चाळीस दिवस चालून गेल्यावर. दोन झोपा आणि दोन जेवणं, मग बाकीचं. माझा देवदूत फ्रॉक घालून, मडकं घेऊन आला होता, एवढाच फरक.

*

पण खरा धक्का मला मांयने दिला.

थोडं बरं वाटायला लागल्यावर एका संध्याकाळी मी त्यांना भरवत होते. त्यांच्या तोंडाची डावी बाजू नीट मिटत नाही, घास सावकाश द्यावा लागतो. त्या दिवशी माझा हात शांत होता. चौथ्या-पाचव्या घासाला त्या थांबल्या, माझ्याकडे बघितलं आणि जड जिभेने विचारलं, "बाय, तूं म्हजेर रागार नाशिल्लें मगो?"

तू माझ्यावर रागावलेली नव्हतीस ना?

म्हणजे तीन वर्षं त्यांना वाटत होतं की मी रागावले आहे. मी त्यांना एक शब्दही उलट बोलले नव्हते. औषधाची वेळ चुकवली नव्हती. पण चमचा कसा पुढे येतो, दातांवर आपटतो की थांबतो, ओठ पुसताना रुमाल दाबला जातो की टेकवला जातो, हे पलंगावर पडलेल्या माणसाला सगळं कळतं. त्यांच्यापाशी दिवसभर दुसरं बघायला काय होतं? स्वतःला जे मी नाकारत होते त्याचा हिशोब माझा हात त्यांच्याकडून वसूल करत होता. मला वाटत होतं मी स्वतःचं काढून त्यांना देतेय. त्यांच्यापर्यंत पोहोचत होता तो माझा थकवा आणि त्यातला कडवटपणा.

मी त्यांच्या उजव्या हातावर कपाळ टेकून खूप रडले. त्यांची क्षमा मागितली. आणि मनात आलं, आणखी एका बाईची क्षमा मागायची राहिली आहे.

*

इथे एक शंका येते आणि ती खरी आहे. मलाही महिनोन् महिने ती सतावत होती. येशूनेच म्हटलंय ना, जो माझ्यामागे येऊ पाहतो त्याने आत्मत्याग करावा, दररोज आपला वधस्तंभ उचलावा? पौलाच्या नावे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात शेवटल्या काळातल्या वाईट माणसांची यादी आहे आणि तिची सुरुवातच 'स्वार्थी' या शब्दाने होते. मूळ ग्रीक शब्दाचा सरळ अर्थ स्वतःवर प्रेम करणारे. मग स्वतःवर प्रेम हे पाप की आज्ञा?

मांद्रे, हरमल, हणजुणे या बाजूला गेलं की पाट्या दिसतात, स्वतःवर प्रेम करा, आठवडाभर या, इतके पैसे. दमलेल्या माणसाने मालिश करून घ्यावं, समुद्रावर पडून राहावं, यात मला काही गैर वाटत नाही. पण मी जे शोधत होते ते तिथे नव्हतं. त्या पाट्यांना जे प्रेम अभिप्रेत आहे ते माझं मीच माझ्यावर करायचं. मला तर तेच येत नव्हतं. रिकाम्या विहिरीत पोहरा कितीदा सोडणार?

उत्तर मला हळूहळू, योहानाच्या तेराव्या अध्यायात सापडलं, त्याच पाय धुण्याच्या गोष्टीत. त्या उताऱ्याच्या सुरुवातीला एक वाक्य आहे. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिलं आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जात आहोत, हे जाणून येशू भोजनावरून उठला आणि कमरेला रुमाल बांधला. हे जाणून उठला. आपण कोण आहोत, कुणाचे आहोत, हे ज्याला पक्कं ठाऊक आहे तो गुडघ्यावर बसला. माझ्या बाबतीत उलट होतं. मी सतत गुडघ्यावर होते, कारण उभं राहायला मला जागाच आहे असं वाटत नव्हतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

आणि ती जाणीव त्याला कुठून आली? यार्देन नदीत बाप्तिस्मा घेतला तेव्हा आकाशवाणी झाली, 'तू माझा पुत्र, मला परमप्रिय आहेस, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे.' मार्काच्या पहिल्याच अध्यायात आहे हे. तोवर त्याने एक आजारी बरा केला नव्हता, एक भाकर मोडली नव्हती, एक प्रवचन दिलं नव्हतं. नासरेथच्या सुताराने नुकती कुठे नदीत बुडी मारली होती. काही करून दाखवायच्या आधी तो परमप्रिय होता. मी आयुष्यभर उलट्या क्रमाने चालत आले होते. आधी सगळं करीन, कुणालाही तोशीस पडू देणार नाही, मग कदाचित कोणी म्हणेल, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे.

ख्रिस्ती माणसाचं स्वतःवरचं प्रेम मला आता असं वाटतं. कुणीतरी आधीच आपल्यावर केलेलं प्रेम अंगाला लागू देणं. आत्मत्याग त्यानंतरचा आहे. जे हातात आहे तेच देता येतं. 'कोणी तो माझ्यापासून घेत नाही, तर मी होऊनच तो देतो,' असं येशू स्वतःच्या प्राणाविषयी म्हणाला. माझं तसं नव्हतं. माझ्याकडून घेतलं जात होतं आणि मी त्याला देणं म्हणत होते.

म्हणून पेत्र मला इतका जवळचा वाटतो. येशू त्याच्यापुढे पाण्याचं भांडं घेऊन आला आणि पेत्र म्हणाला, तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत. प्रवचनांत याला पेत्राचा आदरभाव म्हणतात. असेलही. पण तो कोळी होता, उभ्या आयुष्यात जाळं, मीठ, वाळू, अनवाणी चाल. त्याच्या टाचा कशा असतील हे मला ठाऊक आहे. येशूने त्याला जे उत्तर दिलं ते त्या एका रात्रीतलं सर्वांत कडक वाक्य मला वाटतं. 'मी तुला न धुतले तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही.' म्हणजे नुसतं देत राहून भागत नाही. घ्यावंही लागतं. घेणं टाळणाऱ्याला पंगतीत जागा नाही.

*

बाराव्या शतकातला फ्रेंच साधू, क्लेर्वोचा बर्नार्ड, याने देवावरील प्रीतीच्या चार पायऱ्या सांगितल्या. पहिलीत माणूस स्वतःवर स्वतःसाठी प्रेम करतो. दुसरीत देवावर करतो, पण स्वतःच्या फायद्यासाठी. तिसरीत देवावर देवासाठी. कुणीही म्हणेल, इथे शिडी संपली. बर्नार्ड आणखी एक पायरी चढतो आणि ती सर्वांत वरची, फार थोड्यांना आणि क्षणभरच साधणारी म्हणतो. तिथे माणूस पुन्हा स्वतःवर प्रेम करतो, पण देवासाठी. म्हणजे देव मला ज्या नजरेने बघतो त्या नजरेने मी मला बघायचं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. शिडीच्या टोकाला मी स्वतःच भेटेन असं मला कुणी सांगितलं नव्हतं. या बर्नार्डने स्वतः तरुणपणी इतके उपास केले होते की पोट कायमचं बिघडवून घेतलं.

2018 च्या करेज्मात शेजारणीने मला आग्रहाने गोवा वेल्हाला नेलं. उपासकाळाच्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी तिथे सांत आंद्रेच्या इगर्जीतून संतांची मिरवणूक निघते, संतांचें पुर्सांव. कुठ्ठाळीचा पूल ओलांडून बस पलीकडे गेली तेव्हा उन्हं कलली होती. फ्रान्सिस्कन तिसऱ्या संघाच्या, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसच्या संसारी अनुयायांच्या संघाच्या, संतांच्या मूर्ती एकामागून एक लोकांच्या खांद्यांवरून जातात. फेरीत, म्हणजे जत्रेत, हातपंखे विकायला असतात, शेजारणीने एक घेतला आणि गर्दीत उभी राहून स्वतःला न घालता मला वारा घालत राहिली. मी तिच्या हातातून पंखा घेतला आणि आधी तिला, मग मला, मग तिला असा घालू लागले.

त्या मूर्तींकडे बघताना मला असिसीचा फ्रान्सिस आठवत होता. तो आपल्या शरीराला 'भाऊ गाढव' म्हणायचा. कमी खाणं, कमी झोप, थंडीत एक झगा. 1226 मध्ये तो गेला तेव्हा जेमतेम चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांचा होता, डोळे गेलेले, अंग खंगलेलं. त्याच्या सोबत्यांनी लिहून ठेवलंय की शेवटी शेवटी त्याने कबूल केलं, आपण भाऊ शरीराचा मोठा अपराध केला. पक्ष्यांना, लांडग्याला, चंद्राला, पाण्याला भाऊ-बहीण म्हणणाऱ्या माणसाला एक भाऊ तेवढा शेवटी आठवला. त्याची त्याने क्षमा मागितली. मला हा प्रसंग त्याच्या सगळ्या चमत्कारांहून मोठा वाटतो. भर मिरवणुकीत, मेणबत्त्यांच्या धुरात उभी राहून मी माझ्या गुडघ्यांची, पाठीची, टाचांची नाव घेऊन क्षमा मागितली. हळू आवाजात, मराठीत.

आणि मग पंडिता रमाबाई आठवल्या. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. 1922 मध्ये त्या गेल्या, त्यानंतर 1924 मध्ये ते पुरतं छापून निघालं. छापखान्यात काम करत होत्या तिथल्याच बायका, त्यांत विधवा, टाकलेल्या, दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली. ज्यांना, तुझं तोंड बघितलं तर दिवस वाईट जातो, असं सांगितलं गेलं होतं, त्यांच्या बोटांनी एकेक खिळा जुळवून 'आपल्यासारखी' हा शब्द बसवला असेल. त्या वेळी त्यातल्या एखादीचा हात क्षणभर थांबला असेल का, असं मला सारखं वाटत राहतं.

*

त्या 2018 च्या करेज्मातच मी स्वतःहून समितीतल्या बाईंकडे जाऊन नाव दिलं. टाचा बऱ्या झाल्या होत्या, पण पुरत्या नाही. उजव्या पायाची एक भेग राहिलीच होती, काळी कड घेऊन.

पवित्र गुरुवारी संध्याकाळी बाकावर आम्ही बारा जण. माझ्या एका बाजूला मासे विकणारी बाई, दुसऱ्या बाजूला कॉलेजातला मुलगा, तो सारखा नखं बघत होता. सपाता काढल्या तेव्हा फरशीचा गारवा लागला आणि मला पुन्हा तीच इच्छा झाली, पाय बाकाखाली घ्यावेत. घेतले नाहीत. पाद्री वयस्क होते. प्रत्येकापुढे गुडघ्यावर बसताना त्यांना बाकाचा आधार घ्यावा लागत होता. माझ्यापुढे आले, उजवा पाय हातात घेतला. पाणी ओतलं. मग टाच वळवून त्यांनी ती भेग पाहिली, थांबले, आणि रुमालाचं टोक करून भेगेच्या कडेने हलकेच टिपलं. बाकी कुणाच्या पायाला एवढा वेळ लागला नव्हता. मी पाय ओढून घेतला नाही. त्यांनी वाकून पावलाचं चुंबन घेतलं आणि ते पुढच्या मुलाकडे सरकले.

घरी आले तेव्हा मांय जाग्या होत्या. शेजारीण त्यांच्याजवळ बसून रोजरीची प्रार्थना करत होती. मला बघून मांयनी विचारलं, "उदक थंड आसलें?"

"ना, मांय. कोमट आसलें."

त्यांनी हात पुढे केला. मी पलंगाच्या कडेला बसून पाय वर घेतला, त्यांनी उजव्या हाताचा अंगठा माझ्या टाचेवरून फिरवला, भेगेपाशी थबकल्या आणि मान हलवली. म्हणाल्या, तेल लाव आज.

शेजारीण घरी जायला निघाली तर मी तिला थांबवलं. भात, साधी आमटी आणि तळलेली कापं होती. तीन ताटं वाढली. एक स्टूल मांयच्या उशाशी ओढलं, एक शेजारणीला दिलं, आणि माझं ताट मांडीवर घेऊन मी त्यांच्या पायाशी पलंगावर बसले.